हलकं काम



मी निवृत्त कर्नल. वय चौसष्ट. लष्कराच्या इंजिनिअर दलात एकतीस वर्षं काढली, आता मुक्काम इंदूर. आजचा विषय मी आयोजकांना फोनवर कळवला, तेव्हा पलीकडून क्षणभर आवाजच आला नाही. मग हळूच विचारणा झाली, "सर, सीमेवरचे अनुभव नाही का सांगणार?" म्हटलं, हाही सीमेवरचाच अनुभव आहे. फक्त यात शत्रू दिसत नाही आणि गोळीचा आवाज होत नाही.

विषय असा आहे : गरोदर बाई, तिच्या कामाच्या जागची हवा, आणि त्या हवेचा पोटातल्या मुलाच्या वाढीवर होणारा परिणाम. मी डॉक्टर नाही. पदवी भौतिकशास्त्राची, तीही जुनी. पण या विषयात मी एकदा चूक केली आहे, आणि पुढे एकदा ती थोडीफार सुधारायचा प्रयत्न केला आहे. त्या दोन गोष्टी सांगतो. मधे थोडं विज्ञान येईल, थोडा कायदा येईल. कंटाळा आला तर चहा घेऊन या.

साल १९९०. मी कॅप्टन होतो. हिमालयात साधारण आठ हजार फुटांवर एका रस्त्याचं काम चालू होतं आणि त्यातला एक तुकडा माझ्याकडे होता. मजूर बहुतेक दुमकाकडचे, आज ज्याला आपण झारखंड म्हणतो तिकडचे. नवरा-बायको जोडीनं यायचे. पुरुष सुरुंगाची भोकं पाडायचे, दगड फोडायचे. बायका घमेल्यानं खडी वाहायच्या. सकाळी सहाला हजेरी व्हायची आणि हजेरीपट माझ्या हातात असायचा.

एक दिवस मेट पुढे आला. म्हणाला, "साहब, त्रेचाळीस नंबर को हलका काम दे दो. पेट से है." त्रेचाळीस नंबर म्हणजे हजेरीपटावरचा क्रमांक. तिचं नाव मी रोज मोठ्यानं वाचत असणार, पण आज विचाराल तर नाव आठवत नाही, क्रमांक तेवढा आठवतो. सहावा महिना असावा. अंगानं बारीक, कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि पदराच्या टोकानं झाकलेलं तोंड.

मला बरं वाटलं की कुणीतरी विचारलं आणि आपण काहीतरी करू शकतो. मी तिचं घमेलं बंद केलं. तिला बसून करायचं काम दिलं. खडी फोडायच्या क्रशरच्या तोंडाशी बसायचं आणि पट्ट्यावरून येणाऱ्या खडीतले चपटे दगड वेचून बाजूला टाकायचे. दुपारनंतर डांबराच्या बॉयलरखालच्या जाळावर लक्ष ठेवायचं. ओझं नाही, चढ नाही, वाकणं नाही. त्या दिवशी रात्री डायरीत मी चक्क लिहिलं की एका गरोदर मजूर बाईची व्यवस्था लावली.

आता तुम्ही डोळ्यांपुढे आणा. क्रशरच्या तोंडाशी धूळ इतकी असायची की ऑपरेटरच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. डांबराच्या बॉयलरखाली लाकडं, जुने टायर, जे मिळेल ते जळायचं. पूर्ण साइटवर हवेच्या दृष्टीनं सगळ्यांत वाईट अशा दोन जागा निवडायला मला कुणी सांगितलं असतं, तर मी नेमक्या याच दोन निवडल्या असत्या. आणि तिथे मी तिला बसवलं, हलकं काम म्हणून.

बाळ साडेसात महिन्यांत झालं. मजुरांच्या वस्तीतल्या बायकांनीच बाळंतपण केलं. आमचा नर्सिंग असिस्टंट गेला, पण बाळाचं वजन करायला काटा नव्हता. शेवटी शिध्याच्या कोठारातला तराजू आणला, ज्यावर आम्ही डाळ मोजायचो. एक किलो सातशे. मुलगा होता. नऊ दिवस जगला.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा हजेरीला उभी राहिली. मी क्रमांक वाचला, तिनं हात वर केला, मी खूण केली.

हे सगळं त्या वेळी मला चूक वाटलं नाही, हे आधी कबूल करतो. वाटलं, डोंगरात असं होतं. टोचणी पुढच्या वर्षी लागली. १९९१ मध्ये माझी पत्नी गरोदर होती. छावणीतल्या आमच्या क्वार्टरला रंग द्यायची पाळी आली, आणि मी मोठ्या रुबाबात काम पुढे ढकलायला लावलं. म्हटलं, बाईसाहेबांना दिवस गेले आहेत, रंगाचा वास आणि घासकामाची धूळ नको. रंगारी निघून गेले आणि मी पायरीवर बसलो. तेव्हा डोक्यात आलं की अरे, म्हणजे आपल्याला कळत होतं. धूळ आणि धूर गरोदर बाईला चांगला नाही, हे समजायला मला कुठलं संशोधन लागलं नव्हतं. ते ज्ञान माझ्या घरापुरतं चालत होतं, हजेरीपटापर्यंत पोचत नव्हतं.

आता विज्ञानाकडे येऊ.

आपण धूळ म्हणतो तेव्हा डोळ्यांना दिसते ती धूळ आपल्या मनात असते. उन्हाच्या तिरपेत नाचणारी, भुवया पांढऱ्या करणारी. गंमत अशी की जी स्पष्ट दिसते ती त्यातल्या त्यात कमी धोक्याची. ती नाकात, घशात अडकते, शिंकेतून, खाकऱ्यातून बाहेर पडते. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनहून लहान कण घशाच्या खाली उतरू शकतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोचतात. त्याहूनही बारीक, मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून लहान कण असतात. वेल्डिंगचा धूर, डिझेलचा धूर, जळत्या लाकडाचा धूर यांत ते भरपूर असतात. त्यांतले काही थेट रक्तात उतरू शकतात.

आणखी एक हिशेब सांगतो, कारण हा मला स्वतःला फार उपयोगी पडला. दगडाचा दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीवर यायला काही मिनिटं लागतात. एक मायक्रॉनच्या कणाला काही तास लागतात. म्हणजे मशीन बंद झालं, हवा स्वच्छ दिसू लागली, लोक जेवायला बसले, तरी बारीक कण अजून तिथेच नाकाच्या पातळीवर तरंगत असतात. फौजी भाषेत सांगायचं तर, गोळीबार थांबला म्हणजे इलाका साफ झाला असं नव्हे.

आता यात गरोदर बाई आणा. गरोदरपणात बाईचा श्वास खोल होतो. दर मिनिटाला ती जी हवा आत घेते, ती साधारण चाळीस टक्क्यांनी वाढते, कारण तिला दोन जिवांचा प्राणवायू पुरवायचा असतो. म्हणजे एकाच खोलीत, एकाच हवेत दोन माणसं बसली, तर गरोदर बाईच्या फुप्फुसात जास्त कण जातात. निसर्गानं बाळासाठी केलेली सोय आपण खराब हवेत बसवून तिच्यावर उलटवतो.

पुढे काय होतं? फुप्फुसात कण अडकले की शरीर त्यांच्याशी झगडतं, त्याला दाह म्हणतात. त्या दाहाचे पडसाद रक्तात, रक्तवाहिन्यांत उमटतात. आणि बाळाचं सगळं पोषण ज्या एका अवयवातून होतं ती वार, म्हणजे आपण जिला प्लॅसेंटा म्हणतो, ती सगळी रक्तवाहिन्यांचीच बनलेली. तिचा रक्तपुरवठा थोडा कमी झाला, की बाळाचा शिधा कमी होतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर रक्तातल्या प्राणवायूची जागाच बळकावतो.

वार ही पक्की भिंत आहे, आईला लागलेलं बाळाला लागत नाही, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी बाळंतपणानंतर मिळालेल्या वारेचे तुकडे खास सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. काजळीचे कण वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही सापडले. २०२२ मध्ये त्याच गटानं स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांबरोबर आणखी पुढचं दाखवलं. पूर्ण दिवस न भरलेल्या गर्भांच्या यकृतात, फुप्फुसात, मेंदूतही तसे कण होते. जे मूल अजून एकही श्वास घेत नाही, त्याच्या फुप्फुसात काजळी. हे वाचल्यावर मी संगणक बंद करून बराच वेळ बाल्कनीत उभा होतो.

कामाच्या जागेबद्दल सांगायचं तर स्वीडनचा एक मोठा अभ्यास आहे, तोही २०१९ चाच. त्यांनी १९९४ ते २०१२ या काळात जन्मलेल्या सुमारे दहा लाख बाळांच्या नोंदी घेतल्या आणि आई कोणत्या कामावर होती, त्या कामात कसले कण हवेत असतात, हे त्याला जोडून पाहिलं. लोखंडाचे कण आणि वेल्डिंगचा धूर यांचा जास्त संपर्क असलेल्या बायकांमध्ये, विशेषतः ज्यांनी गरोदरपणात कमी रजा घेतली त्यांच्यात, कमी वजनाची आणि मुदतीआधी जन्मलेली बाळं जास्त आढळली.

आणि आता जी गोष्ट माझ्या सोयीची नाही तीही सांगतो. त्याच अभ्यासात दगड आणि काँक्रीटच्या धुळीचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे १९९० च्या त्या क्रशरला मी या अभ्यासाच्या आधारे दोषी ठरवू शकत नाही. स्वीडनमधली बांधकामाची जागा आणि आमचा उघडा क्रशर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरं. पण त्या बाईच्या बाबतीत इतरही कारणं होतीच. उंचावर बाळाचं वजन मुळातच कमी भरतं, दर हजार मीटरला साधारण शंभर ग्रॅम. तिचं जेवण भात आणि मीठ. आधीचे पाच महिने डोक्यावर घमेलं. डांबराचा आणि टायरचा धूर. यातलं नेमकं काय नडलं हे कुणीच सांगू शकणार नाही. एका बाळाबद्दल विज्ञान शपथेवर साक्ष देत नाही, ते हजारोंबद्दल बोलतं. माझी चूक कारण ओळखण्यातली नव्हतीच. ती कुठे बसणार आहे, तिथली हवा कशी आहे, हा प्रश्न मी विचारलाच नाही, ही चूक.

आपल्या देशातलंही पाहू. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेच्या डॉ. कल्पना बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूत सुमारे तेराशे गरोदर बायकांचा अभ्यास केला. घनमीटरमागे दहा मायक्रोग्रॅम पीएम २.५ वाढलं की जन्मवजन सरासरी चार ग्रॅमनं घटतं, असं त्यांना दिसलं. चार ग्रॅम ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? पण धुराच्या स्वयंपाकघरात हा आकडा दहानं नाही, शंभरानं वाढतो. आणि जे मूल अडीच किलोच्या रेषेवर उभं आहे, त्याला थोडा धक्काही पलीकडे ढकलतो. अडीच किलोच्या खाली जन्मलेलं बाळ कमी वजनाचं धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्यांचं वजन नोंदलं गेलं अशा शंभरातल्या अठरा बाळांचं वजन त्या रेषेखाली होतं.

याच गटाचा सहभाग असलेला आणखी एक मोठा प्रयोग झाला. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत बत्तीसशे गरोदर बायका घेतल्या आणि त्यांतल्या निम्म्यांना गॅसची शेगडी दिली. धूर खूप कमी झाला, पण २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. लगेच निष्कर्ष काढू नका की धुरानं काही होत नाही. त्या बायकांना शेगडी मिळाली ती तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात. वार तर त्याआधीच रुजलेली असते. कदाचित आपण उशिरा पोचलो, कदाचित धूर अजून खाली यायला हवा होता. मी यातून एकच धडा घेतो : मदत पोचण्याची वेळही महत्त्वाची. लढाईत कुमक संध्याकाळी पोचली तर सकाळी गेलेली चौकी परत मिळत नाही.

वेळेचा हा मुद्दा डोक्यात ठेवा, कारण आता कायद्याकडे जायचं आहे.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात एक चांगलं कलम होतं, चौथं. गरोदर बाईनं विनंती केली, तर मालकानं तिला कष्टाचं, फार वेळ उभं राहण्याचं, किंवा गर्भाच्या वाढीला बाधा येईल असं काम देऊ नये. शब्द उत्तम होते. पण हे कधी लागू? बाळंतपणाच्या तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत ती रजेवर नसेल तर तो काळ. म्हणजे सगळं मिळून शेवटचे दहा-अकरा आठवडे. २०१७ च्या दुरुस्तीनं रजा सव्वीस आठवड्यांची झाली, ते फार चांगलं झालं. पण बाळंतपणाआधी त्यातले जास्तीत जास्त आठच घेता येतात. अवयव तयार होतात पहिल्या तीन महिन्यांत, वार रुजते सुरुवातीला, आणि संरक्षण सुरू होतं सातव्या महिन्याच्या आसपास. तेही नोंदणीतल्या कारखान्यात, दुकानात. वीटभट्टीवर, रस्त्यावर, घरात विड्या वळणाऱ्या बाईला तेवढंही हाती लागत नाही.

जुन्या १९४८ च्या कारखाने कायद्यात दुसरा एक मार्ग होता. कापूस दाबण्याच्या कारखान्यात ज्या भागात कापूस पिंजण्याचं यंत्र चालतं, तिथे बायका आणि मुलं यांना कामाला ठेवायचंच नाही. हेतू रक्षणाचा होता. पण नीट पाहिलंत तर त्यात धूळ तशीच राहिली, बाई तेवढी बाहेर गेली. हा मार्ग किती फसवा आहे हे मला २०१९ मध्ये कळलं. ती दुसरी गोष्ट.

निवृत्तीनंतर बहुतेक फौजी अधिकारी करतात तेच मी केलं. एका ओतकामाच्या कारखान्यात प्रशासन आणि सुरक्षा व्यवस्थापक म्हणून लागलो. तिथे कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याच्या आतले वाळूचे गाभे बनवतात त्या विभागात, कंत्राटदाराकडच्या पंधरा-वीस बायका होत्या. बहुतेक झाबुआ, अलिराजपूरकडच्या. हे जिल्हे इंदूरवाल्यांना माहीत आहेत. याच भागातले आदिवासी मजूर गोध्र्याच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख देण्याचं ठरलं. मेलेल्यांची मोजणी झाली, उशिरा का होईना. पण तिथे काम करताना ज्यांना दिवस गेले होते, त्यांच्या बाळांची वजनं कोणत्या तराजूवर झाली असतील? ती मोजणी मला कुठे दिसली नाही.

तर कोअर शॉपमधली एक बाई. वीस-बावीस वर्षांची. पाळी संपताना ती माझ्या केबिनच्या दाराशी आली. आत येईना. म्हणाली, "साहब, किसी को बोलना मत. तीसरा महीना है." मी म्हटलं, बोलायलाच हवं, तुला दुसरं काम देऊ. तर ती एकदम घाबरली. "काम मत छुड़वाना, साहब. दो महीने से छुपा रही हूँ."

मंडळी, दोन महिने ती ते लपवत होती. जे सर्वांत नाजूक दिवस, तेच तिनं नोकरीच्या भीतीनं पोटाला ओढणी बांधून काढले.

या वेळी मी हलकं काम शोधायला धावलो नाही. आधी कारखान्याच्या डॉक्टरांशी बोललो. मग बाहेरून हवा मोजणारा माणूस बोलावला. कॉलरला अडकवायचा छोटा पंप असतो, तो कामगार दिवसभर श्वास घेतो ती हवा गाळतो. आणि हातात धरायचं एक यंत्र असतं, ते त्या क्षणाचा आकडा दाखवतं. यंत्र घेऊन आम्ही पूर्ण शॉपमध्ये फिरलो, रेकी करतात तसे. माझा अंदाज होता की सगळ्यांत वाईट जागा भट्टीजवळची असेल. तसं निघालं नाही. आकडा सगळ्यांत वर गेला तो पाळी संपताना, कोरड्या झाडूनं फरशी झाडताना, आणि त्यानंतर बायका हवेच्या दाबाच्या नळीनं एकमेकींच्या कपड्यांवरची वाळू उडवतात तेव्हा. आणि झाडायचं काम कुणाला दिलं जायचं? जिला जड उचलणं जमत नाही तिला. आजारातून उठलेलीला. हलकं काम म्हणून! एकोणतीस वर्षांनी तोच शब्द माझ्यासमोर उभा होता.

तिला तपासणीच्या खोलीत हलवलं, त्याच पगारावर. 'त्याच पगारावर' हे तीन वेळा लिहून घ्यावं लागलं, कारण कंत्राटदाराच्या हिशेबात जागा बदलली की रोज बदलतो. तिला मार्चमध्ये मुलगी झाली, दोन किलो सहाशे. सरकारी दवाखान्यातल्या काट्यावर, डाळीच्या नाही. याचं श्रेय मी घेत नाही. जसा एका बाळाचा दोष सिद्ध होत नाही, तसं श्रेयही होत नाही.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की कंत्राटदार नवीन लग्न झालेल्या मुली घेईनासा झाला आहे. विचारलं तर सरळ म्हणाला, "साहब, फिर आप बोलोगे इनको उधर बिठाओ." म्हणजे माझ्या चांगुलपणाची किंमत दुसऱ्याच मुलींनी मोजली. मी एकीला वाचवलं आणि पाचजणींचं दार बंद केलं.

तेव्हा मला कळलं की बाईला हवेतून उचलणं हा तात्पुरता इलाज आहे. हवा सुधारणं हाच खरा इलाज, आणि तो सगळ्यांसाठी एकदम करावा लागतो. मग कुणाला दिवस गेले आहेत हे विचारावंच लागत नाही, कुणाला लपवावं लागत नाही. आम्ही कोरडा झाडू बंद केला, ओलं पुसणं आणि धूळ ओढणारं यंत्र आणलं. कपड्यांवर हवेची नळी मारायला बंदी केली. वाळू मिसळण्याच्या यंत्राला झाकण आणि वर धूळ ओढणारा नळ बसवला. खर्चाची फाइल वर पाठवली तेव्हा मालक म्हणाले, "कर्नलसाहेब, चार बायकांसाठी एवढं?" म्हटलं, "साहेब, फुप्फुसं तिथे काम करणाऱ्या पुरुषांनाही आहेत." फाइल पास झाली. सगळी नाही, पण बरीचशी. भट्टीकडची बाजू मी सोडली तेव्हा तशीच होती, हेही सांगून टाकतो.

आता शेवटी, घरी नेण्यासारख्या काही गोष्टी.

पहिली. तुम्ही स्वतः गरोदर असाल किंवा विचार करत असाल, आणि कामाच्या जागी धूर, धूळ, वेल्डिंग, घासकाम असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. डॉक्टर विचारतात काय खाता. तुम्ही आपणहून सांगा काय श्वासात घेता. घाबरून नोकरी सोडू नका. पगार गेला तर जेवण जातं, आणि उपाशीपणाही बाळाचं वजन घटवतो.

दुसरी. पदर, ओढणी, रुमाल यांनी मोठी धूळ अडते, बारीक अडत नाही. एन-९५ प्रकारचा मास्क अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. आम्हाला लष्करात गॅस मास्क घालून धुराच्या खोलीत उभं करायचे. ज्याचा मास्क नीट बसलेला नसे तो डोळे चोळत बाहेर पळायचा. मास्क असणं वेगळं, मास्क बसणं वेगळं. आणि मास्क ही शेवटची फळी आहे, पहिली नव्हे. आधी पाणी, मग झाकण, मग धूळ ओढणारा पंखा, आणि त्यानंतर मास्क.

तिसरी, घरच्या मंडळींसाठी. ती कामावरून आली की ते कपडे वेगळे ठेवा. स्वयंपाकघरात धूर असेल तर निदान तिला तिथून सुटी द्या. दिवसभर कारखान्याची धूळ आणि संध्याकाळी चुलीचा धूर, अशी डबल ड्युटी सैनिकालाही देत नाहीत.

चौथी, आपल्या सारख्यांसाठी, जे हे आरामात घरी बसून ऐकत आहेत. तुम्ही बडोद्यात असा, हैदराबादेत असा, ग्वाल्हेरात वा बंगळुरात, तुमच्या शेजारी कुठेतरी इमारत उभी राहतेच आहे. तुमच्याच घरात फरशी कापायचं काम निघेल. फरशी कापणाऱ्या यंत्रावर पाण्याची धार सोडायला सांगा, एवढं एक केलंत तरी धूळ खूप कमी होते. आणि खाली मलबा झाडणारी बाई दिसली, तर झाडण्याआधी पाणी शिंपडायला लावा. बादली तुमच्याकडची द्या.

आणि जे मुकादम, पर्यवेक्षक, व्यवस्थापक, अधिकारी ऐकत आहेत, ज्यांच्या हातात हजेरीपट आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती. कुणी येऊन म्हणालं की हिला हलकं काम द्या, तर 'देतो' म्हणण्याआधी त्या जागी स्वतः जाऊन दहा मिनिटं बसा. ओझं किती आहे ते नंतर पाहा. आधी श्वास घेऊन पाहा. तुमच्या मुलीला, सुनेला तिथे बसवाल का, हे स्वतःला विचारा. उत्तर नाही आलं, तर ते काम हलकं नाही.

मी १९९० मध्ये त्या क्रशरपाशी दहा मिनिटं बसलो नव्हतो. उभ्यानं पाहून निघून गेलो होतो.